सस्पेंडिंग जर्कबेट, थंडीतली तापी आणि ज्वारीचा एक दाणा

दोन हिवाळे झाले हा लुअर, म्हणजे झटके देऊन खेळवायचा नकली मासा (जर्कबेट), वापरतोय, ग्रुपमधले पोरं सारखे विचारतात की भाऊ थंडीत जर्कबेट आपल्याकडे चालतो का नाही, पैसे वाया जातील का, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो. लुअर आहे रापालाचा एक्स-रॅप, १० सेंटीमीटरवाला, वजन १३ ग्रॅम, शेपटीच्या गळाला पांढरं पीस लावलेलं असतं. मला हजाराच्या आतबाहेर पडला. जागा म्हणाल तर सारंगखेडा बॅरेजच्या वरचं तापीचं थोपलेलं पाणी, मी दोंडाईच्याहून बाईकवर जातो, आणि तिथल्या मच्छीमार सोसायटीला विचारूनच बसतो, ते आधी सांगतो कारण पाणी त्यांच्याकडे ठेक्याने असतं आणि त्यांची जाळी लागलेली असतात, न विचारता कोणी जाऊ नका.

आता आपल्याकडची थंडी. पावसाळा संपला की दिवाळीपर्यंत मरळीसाठी फ्रॉग, म्हणजे रबरी बेडकाचा लुअर, मस्त चालतो, शेवाळावरून ओढला की खालून धाडकन फोडते. पण दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा भरते ना, घोडेबाजार लागतो, तोपर्यंत फ्रॉग चालेनासा झालेला असतो. सकाळी धुकं, हात रीलवर टिकत नाहीत, धुळ्याचा पारा तर एखाद्या लाटेत सहा-सातवर येतो. पाणी काही तेवढं थंड होत नाही, एवढी मोठी नदी आहे, पण मी मागच्या जानेवारीत थर्मामीटर दोरीला बांधून मोजलं तर सकाळी १९ अंश आणि दुपारी काठाजवळ २२. माशाचं अंग म्हणजे पाण्याचंच तापमान, त्याला आपल्यासारखी आतली शेगडी नाही. पाणी गार झालं की पचन मंद, खाणं कमी, आणि खाण्यासाठी धावणं तर त्याहून कमी. काठावर जाळं विणत बसलेले एक नाना आहेत, भोई समाजाचे, वय सत्तरच्या पुढं, ते मला पहिल्याच हिवाळ्यात म्हणाले होते, "मासा शे भाऊ, पन त्याले भूक नही." हे एवढं वाक्य मला तेव्हा समजलं असतं ना तर माझा एक महिना वाचला असता.

मरळीचं अजून एक. ती वर येऊन हवा घेते, हे सगळ्यांना माहिती आहे, उन्हाळ्यात आपण तिचा बुडबुडा पाहूनच गळ टाकतो. थंड पाण्यात ऑक्सिजन जास्त विरघळलेला असतो आणि तिची गरज पण कमी झालेली असते, मग ती कमी वेळा वर येते. म्हणजे पाणी रिकामं दिसतं पण रिकामं नसतं. लोक दोन तास बसतात, काही दिसत नाही, उठून शेवभाजी खायला निघून जातात.

हा लुअर मुळात ज्या मासेमारीसाठी हिवाळ्यात वापरतात ती अमेरिकेतल्या बास माशाची. मोठ्या तोंडाचा बास, तळ्यातला शिकारी, काहीसा आपल्या मरळीसारखाच दबा धरून बसणारा. तिकडे पाणी पाच-सात अंशावर येतं, उत्तरेला तर वर बर्फच होतो. दक्षिणेकडच्या मोठ्या धरणांमध्ये थ्रेडफिन शॅड नावाचा छोटा चंदेरी मासा असतो, त्याला थंडी अजिबात झेपत नाही, पाणी फार गार झालं की तो मरायला लागतो, आणि मरताना काय करतो तर थोडा थरथरतो, मग थांबतो, पाण्यात तसाच लटकून राहतो, परत एक झटका. बास त्याच्यावर सावकाश येतो, कारण पळणाऱ्याच्या मागे लागायची ताकद त्याला खर्च करायची नसते. सस्पेंडिंग जर्कबेट म्हणजे हीच नक्कल. दोन झटके द्यायचे आणि सोडून द्यायचा, तो ना वर यायला पाहिजे ना खाली जायला पाहिजे, जिथे आहे तिथेच उभा. तिकडचे लोक दहा सेकंद, वीस सेकंद, कधी त्याहून जास्त थांबतात.

रापालाची सुरुवात पण अशीच आहे बरं का. फिनलंडचा लाउरी रापाला हा स्वतः मासेमार, त्याने पाहिलं की मोठा मासा अख्ख्या थव्यातून नेमका तो एक निवडतो जो वाकडा-तिकडा, अशक्त पोहतोय. मग १९३६ साली त्याने बुचाच्या लाकडाचा मासा कोरला, त्याला चॉकलेटची चांदी गुंडाळली आणि फोटोच्या निगेटिव्ह वितळवून त्याचा लेप दिला. हे वाचलं तेव्हा मला फार आवडलं होतं, म्हणजे माणूस पाण्याकडे नीट बघत होता.

तर पहिला हिवाळा. मी हा लुअर आणला आणि स्पून, म्हणजे चमच्यासारखा पत्र्याचा लुअर, ओढतात तसा ओढला. टाकला, गोल गोल रील फिरवलं, परत टाकला. चार रविवार. एक पण टोला नाही. मग व्हिडिओ बघून थांबायला लागलो तर दुसरीच भानगड, लुअर थांबल्यावर हळूहळू खाली जायचा, तोंड खाली करून, आणि पंधरा आकडे मोजेपर्यंत तळाला असलेल्या बाभळीच्या काट्यांत. बॅरेज झालं तेव्हा काठची झाडं पाण्यात गेली ना, त्यांची खोडं अजून आहेत. एक लुअर तिथेच राहिला. मला वाटलं आपल्यालाच डुप्लिकेट मिळाला की काय, पण डुप्लिकेट वगैरे काही नव्हतं.

हे नीट वाचा कारण माझ्या मते पूर्ण रिव्ह्यूमधला कामाचा भाग हाच आहे. पाणी ४ अंशाला सगळ्यात जड असतं, तिथून जसं गरम होतं तसं हलकं होत जातं. फरक एकदम बारीक असतो, आपल्या हाताला कळणार नाही, पण जो लुअर पाण्याच्या बरोबर वजनाचाच बनवलाय त्याला तो कळतो. समजा एखादा १३ ग्रॅमचा लुअर १० अंशाच्या पाण्यात बरोबर लटकतो, तर तोच लुअर आपल्या २२ अंशाच्या पाण्यात साधारण २५ मिलिग्रॅमने जड पडतो. २५ मिलिग्रॅम म्हणजे ज्वारीचा जेमतेम एक दाणा! एका दाण्यामुळे तो उभा राहण्याऐवजी खाली जायला लागतो. आणि वरून आपण त्याला काय लावतो, तर मरळीच्या दातांना घाबरून स्टीलचा वायर लीडर (लाईनच्या टोकाचा तारेचा तुकडा), जाड स्नॅप (लुअर अडकवायची क्लिप), हे सगळं नाकावर वजन. दाणा काय घेऊन बसलात, आपण अख्खी मूठ टाकतो त्याच्यावर.

मग मी घरी बादलीत बसवायला लागलो. पहिली चूक, बोअरचं पाणी घेतलं. थंडीत बोअरचं पाणी कोमट असतं, सकाळी वाफा निघतात त्यातून, तिथे बसवलेला लुअर नदीवर गेला की वर येतो. तर बादली नदीवरच भरायची, काठावर, ज्या पाण्यात टाकणार त्याच पाण्याने. लुअर टाकायच्या आधी ओल्या बोटांनी नीट चोळून घ्यायचा, विशेष करून ते पीस, कारण त्यात हवेचे बारीक बुडबुडे अडकतात आणि आपल्याला वाटतं हा तरंगतोय. लीडर आणि स्नॅप लावूनच तपासायचं, नुसता लुअर तपासून काही उपयोग नाही.

दुसरं, वायर लीडर काढून टाकला. आता मी वीस पौंडाची ब्रेड, म्हणजे विणलेली लाईन, वापरतो, ती पाण्यापेक्षा हलकी, तरंगते, आणि पुढे दीड-दोन फूट जाड नायलॉनचा लीडर, तीस पौंडाचा. फ्लोरोकार्बन पण लावून बघितला, तो चिवट आहे, पण नायलॉनपेक्षा बराच जड, लुअरचं नाक खाली घेतो. मरळ नायलॉन खरवडते, दर माशानंतर बोटाने चाचपून बघायचं, खरबरीत लागलं की तेवढा तुकडा कापून परत गाठ मारायची. दोन हिवाळ्यात दातांमुळे माझी लाईन एकदाही तुटली नाही.

तिसरं म्हणजे गळ. मधला तिहेरी गळ एक साईज लहान टाकला तर लुअर एकदम तरंगायलाच लागला, कारण तिथे ज्वारीचा दाणा काय, चांगली चिमूटभर कमी झाली. मग माझा मित्र मोबाईल रिपेरिंग करतो, त्याच्याकडून सोल्डरिंगची बारीक तार आणली, गळाच्या दांडीला चार-पाच वेढे दिले आणि बादलीत ठेवून नेलकटरने थोडी थोडी कापत गेलो. कापलं, टाकलं, बघितलं. परत कापलं. अर्धा तास गेला असेल, आणि मग तो लुअर बादलीच्या मधोमध जो उभा राहिला, आडवा, सरळ, नुसतं ते पीस श्वास घेतल्यासारखं हलतंय. मी तिथेच उकिडवा बसून किती वेळ बघत होतो मला आठवत नाही. नाना पण जाळं सोडून उठून आले आणि बघून गेले, काही बोलले नाहीत, पण परत जाताना मान हलवली.

त्यानंतरचा दिवस सांगतो. जानेवारीचा दुसरा आठवडा, दोन दिवस उत्तरेचा बोचरा वारा होता, तिसऱ्या दिवशी वारा पडला आणि कडक ऊन. थंडीत पहाटे जाऊन उपयोग नाही हे मी आता ठामपणे सांगतो, हिवाळ्यात मासेमारी म्हणजे अकरा ते चार. उसाच्या शेताला पाणी उचलायची मोटर आहे तिथे काठाला काळ्या दगडाचं पिचिंग केलंय, काळा दगड ऊन पितो, त्याच्या लगतचं उथळ पाणी नदीपेक्षा दोन-तीन अंशाने गरम असतं, आणि दोन पावलं पुढे लगेच खोल. अशीच जागा शोधा, उताराची, दक्षिणेकडे तोंड असलेली, वारा न लागणारी. छोटे मासे ऊन खायला तिथेच येतात आणि त्यांच्या मागे मोठे.

मी काठाला समांतर टाकला, समोर नदीत नाही. पाच-सहा वेळा रील फिरवून लुअर चार-पाच फूट खोल नेला, दोन झटके, ढिली लाईन, थांबलो. बारापर्यंत मोजलं. दोन झटके. परत बारा. दहाव्या-अकराव्या कास्टला बाराचे अठरा केले, का ते माहिती नाही, एक टिटवी ओरडत गेली तिच्याकडे बघत राहिलो म्हणून असेल, आणि लाईन बघतो तर बाजूला सरकतेय. धक्का नाही, टोला नाही, काही नाही, नुसती लाईन डावीकडे चालली होती, जणू कोणी दोरा हळूच ओढून घेतंय. रॉड उचलला तर जड. मग मात्र तिने दाखवलं ती काय आहे ते. खोडाकडे निघाली, मी रील दाबून धरलं, पाण्यावर येऊन डोकं झटकलं. मरळ, अडीच किलोच्या थोडी वर. नाना लांबूनच ओरडले, "मरय शे का?" आपल्या अहिराणीत मरळीची मरय होते. मी नुसता हात वर केला, तोंडातून शब्द निघत नव्हता.

गळ तिच्या ओठाच्या अगदी कडेला होता. म्हणजे ती लुअरवर तुटून पडलीच नव्हती, आली, थांबली, आणि अलगद तोंडात घेतला. हाच थंडीतला मासा. जो रॉडच्या धक्क्याची वाट बघत बसेल त्याला कळणारच नाही की मासा येऊन गेला. लाईनकडे बघायचं, ब्रेड पिवळी किंवा पांढरी घ्या, ती उन्हात लांबून दिसते.

त्या हिवाळ्यात एकूण सात मरळी मिळाल्या आणि दोन शिवडा. सगळ्या थांबलेल्या लुअरवर, एक पण ओढताना नाही. सात म्हणजे काही फार नाही हो, दिवाळीच्या आधी फ्रॉगवर दोन दिवसात तेवढ्या होतात, पण ज्या दिवसांत बाकीचे लोक रॉड माळ्यावर टाकून देतात त्या दिवसांतल्या ह्या सात आहेत.

कोणी म्हणेल बासचं सामान मरळीला कशाला. तर उलटं पण झालंय. मरळीचीच एक बहीण, उत्तरेकडची स्नेकहेड, चीनकडची, ती अमेरिकेत मेरीलँडमध्ये क्रॉफ्टनच्या तळ्यात २००२ साली सापडली तेव्हा केवढा गोंधळ झाला होता, पुढे २००४ पासून पोटोमॅक नदीत सापडायला लागली. तिथले लोक आता तिला बासच्याच रॉडने, बासच्याच लुअरने पकडतात. त्यामुळे हा लुअर आपल्या माशासाठी नाही वगैरे मला पटत नाही. मासा तोच स्वभावाचा आहे, पाणी वेगळं आहे, आणि पाण्याचा हिशोब आपल्याला करावा लागतो.

आता स्वस्तवाल्याबद्दल, कारण तेच जास्त विचारतात. मी ऑनलाईन एक दीडशे रुपयाचा घेतला होता, खोक्यावर सस्पेंडिंग लिहिलेलं, दिसायला हुबेहूब. तो टाकल्या टाकल्या दगडासारखा खाली गेला, त्याला सोल्डर काय कमी करणार. तीन माशांत नव्हे, तीन कास्टमध्ये त्याची पुढची पट्टी सुटली, आणि गळ तर पहिल्याच पाण्यात तांबडे झाले. दुकानदाराला फोटो पाठवले, परत घ्यायला नाही म्हणाला. नाव घेत नाही. सगळे स्वस्त तसेच असतील असं पण नाही म्हणत, पण घेतलात तर पहिल्याच दिवशी बादलीत टाकून बघा, रिटर्नची मुदत असेपर्यंत.

एक्स-रॅपमध्ये मला काय आवडलं तर कास्ट. आत वजन सरकायची सोय आहे, टाकताना मागे जातं, त्यामुळे वाऱ्यातही लांब आणि सरळ जातो. झटका दिला की एकदा डावीकडे एकदा उजवीकडे मस्त वळतो. आणि ते पीस. थांबलेल्या लुअरवर तेच एक जिवंत असतं, ते उपटून टाकणारे पण पाहिलेत मी, कृपया नका काढू. दोन हिवाळ्यात रंग खरवडला, डोळ्याच्या बाजूला मरळीच्या दातांच्या रेघा आहेत, पण अंग फुटलं नाही. पाणी गढूळ असेल तर पिवळा-नारिंगी, स्वच्छ असेल तर चंदेरी, माझ्याकडे दोनच आहेत आणि तेवढे पुरतात.

कुठे वापरू नका ते पण सांगतो. शेवाळ, जलपर्णी, कमळाची पानं असलेल्या तळ्यात हा लुअर नका टाकू, दर कास्टला झाडपाला घेऊन येईल. फूट-दीड फूट पाण्यात पण नको. आणि ज्याला थांबता येत नाही त्याने तर नकोच, खरं सांगतो, अठरा आकडे मोजणं थंडीत फार मोठं वाटतं, बोटं आपोआप रील फिरवायला जातात. मी मोजताना मोठ्याने मोजतो, शेजारच्याला वेड लागल्यासारखं वाटलं तरी चालेल.

एक मनापासून. ह्याला दोन-दोन तिहेरी गळ असतात, छोटा मासा लागला तर फार वाईट अडकतो, डोळ्यापर्यंत. मी सगळ्या गळांच्या टोकाचे उलटे काटे पकडीने दाबून टाकलेत. मासा थोडा जास्त सुटतो, सुटू द्या. थंडीत मरळीच्या पोटात पुढच्या पावसाळ्याची अंडी अजून तयार व्हायची असतात, आणि किलोच्या आतली मी सोडतो, मोठीतली पण रोज नेत नाही. त्या अडीच किलोवालीचं मात्र सांगतो, ती घरी नेली होती, आईने खान्देशी मसाल्यात रस्सा केला आणि नानांकडे डबा दिला.

आत्ता जानेवारी अर्धा झालाय. तार कापून बसवलेला चंदेरी लुअर बॉक्समध्ये वेगळा ठेवलाय, त्यावर मार्करने २० लिहिलंय, म्हणजे वीस अंशाला बरोबर उभा राहतो. फेब्रुवारीच्या शेवटाला पाणी २५ वर गेलं की परत खाली जाईल, तेव्हा अजून अर्धा वेढा कापायचा आहे. नानांचा नातू म्हणतो त्यालाही एक बसवून द्या, त्याच्यासाठी ८ सेंटीमीटरवाला मागवलाय, आला की रविवारी बादली घेऊन जातो.